झोका असलेलं हॉटेल

पोलीस ठाणे बुऱ्हाणपूर येथे, बेपत्ता महिलेच्या तपासात घेतलेला जबाब

नाव : सौ. चारुलता श्रीकांत महाजन, वय ३९ वर्षे, धंदा : खासगी शाळेत शिक्षिका, राहणार : इतवारा, बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश. मूळ गाव धूलकोट.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, बेपत्ता झालेल्या भागाबाई लोटू महाजन, वय ६७, या माझ्या सासूबाई आहेत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्या नाशिकच्या पुढच्या आम्रछाया रिसॉर्टमधून निघून गेल्या, त्या अजून सापडल्या नाहीत. नोंद तिकडच्या ठाण्यात असल्याने तिकडचे अंमलदार इथे येऊन मराठीत जबाब घेत आहेत. माझे पती श्रीकांत यांचा जबाब काल झाला. त्यांचं आणि माझं म्हणणं एक नाही, म्हणून माझं वेगळं लिहून घ्यावं अशी विनंती मीच केली.

माझे सासरे लोटू महाजन मागच्या पावसाळ्यात वारले. धूलकोटला त्यांची केळीची बाग होती, ती आता बटाईने दिली आहे. सासरे कडक होते. त्यांनी सासूबाईंवर कधी हात उचलला नाही हे नमूद करावं. तशी गरजच पडत नसे. ते ओसरीवर नुसते खाकरले तरी सासूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहायची. सासूबाई कायम त्यांच्या दोन पावलं मागे चालायच्या, कपाळापर्यंत पदर ओढून, आणि त्यांचं जेवण झाल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सासूबाईंचं माहेर देडतलाई, म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. पण लग्नानंतर सासऱ्यांनी त्यांना एकदाही आखाजीला पाठवलं नाही. पाण्याचा तांब्या कोण देईल, एवढंच विचारायचे.

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना इतवाऱ्यातल्या घरी आणलं. तिथे त्या हळूहळू बदलल्या. तव्यावरची पहिली पोळी स्वतः खायला लागल्या, खुर्चीवर पाय वर घेऊन बसायला लागल्या. मोबाईलवर विनोदी व्हिडिओ बघून इतक्या मोठ्याने हसायच्या की शेजारीण विचारायला यायची. माझ्याशी रोज भांडायच्या आणि रोज चहाला हाक मारायच्या. त्या मला खरोखर आवडायला लागल्या होत्या. सून सासूबद्दल असं ठाण्यात सांगते म्हणजे तुम्हाला खोटं वाटेल, तरी लिहा.

माझी मुलगी भूमिका हिची पाचवीची परीक्षा संपली तेव्हा मौजनगरी या थीम पार्कला जायचं ठरलं. पार्कबद्दल वाद नव्हता, उतरायचं कुठे यावर घरात आठ दिवस खल चालला. रोज जेवणं झाली की चौघांची डोकी एका मोबाईलवर. श्रीकांत म्हणायचे, "गेटच्या बाजूच्याच हॉटेलात राहू. फालतू पायपीट कायले करायची?" भूमिकेचं वेगळंच, "पप्पा, ते स्विमिंग पूलवालं घ्या ना, प्लीज. बाकी सब बोरिंग आहे." मी लोकांचे अभिप्राय वाचत होते, कारण फोटोत सगळ्याच चादरी पांढऱ्या असतात.

एके दिवशी सासूबाईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि बोटाने फोटो पुढे सरकवत बसल्या. आम्रछायाच्या एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. मोठं आंब्याचं झाड होतं, त्याला जाड दोराचा, लाकडी पाटाचा झोका. त्या म्हणाल्या, "हेच. ते बाकीचे हॉटेल तुमच्या हिशोबाचे, हे माह्या हिशोबाचं." अभिप्रायात डास फार आणि जेवण बेताचं असं लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "डासायचं काय सांगते माले? केळीत जलम गेला." मग तेच ठरलं. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

झाडाजवळची खालची खोली मोजक्याच दिवसांसाठी मोकळी होती. त्या दिवसांत शाळेलाही सुट्टी, श्रीकांतच्या पॉवरलूमवरचे कारागीरही गावी जाणार, सगळं जुळलं म्हणून मी लगेच बुकिंग केलं. त्यातच आखाजी येते हे माझ्या लक्षात आलं नाही.

तपासी अंमलदार आमच्या भागातले नाहीत म्हणून सांगते. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, आंबा, डांगर म्हणजे खरबूज आणि सारणाची गोड सांजोरी ठेवून त्याला जेवू घालतात. माणूस गेल्यावरची पहिली आखाजी असेल तर ते चुकवून चालत नाही. नणंद मंगला म्हणाली, घागर काय कुठेही भरता येते, सोबत न्या. ते ठीक होतं. पण आदल्या दिवशी गेलेल्या माणसाला आवतण द्यायचं असतं, उद्या जेवायला या म्हणून. आम्ही आदल्या दिवशी रिसॉर्टवर पोचणार होतो. म्हणून सासूबाईंनी निघण्याआधीच धूलकोटला जाऊन आवतण द्यायचं ठरवलं आणि मला बरोबर नेलं.

धूलकोटच्या घराला कुलूप होतं. सासूबाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आई, नका सांगू. एक वर्ष तरी निवांत जाऊ द्या." त्या म्हणाल्या, "असं कसं चारू? आपुन नसलो तं ते कुलूप पाहून वापस जातीन. उपाशी मानूस दारातून वापस गेला तं बोल कोनाले? सांगनं पडीन." मग त्या बंद दाराला म्हणाल्या, "आम्रछाया रिसॉर्ट. खालची खोली. आंब्याच्या झाडापाशी." नाशिकवरून पुढे कसं जायचं ते त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं, तेही त्यांनी दाराला नीट समजावून सांगितलं. मला हसू आलं, मी हसलेसुद्धा. हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या रिसेप्शनवरून नीलेश नावाच्या माणसाचा फोन आला. तो म्हणाला, "मॅडम, बाबांचा फोन आला होता. बाहेर झाडाखाली बाज टाकायला सांगितलीये. बाज नाहीये आमच्याकडे, नवारीची खाट चालेल ना?" मी विचारलं, कोण बाबा? तो म्हणाला, "तुमच्या घरातले मोठे. म्हणाले, मंडळी पुढे येतील, मी मागून येतो. जरा रागातच होते, म्हणून मी लगेच सोय केली." मला वाटलं श्रीकांतनी गंमत केली. श्रीकांतनी भूमिकेच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की त्यांनी फोन केलेला नाही. मग दुसऱ्या कोणत्या तरी कुटुंबाचा निरोप आपल्याला आला असेल, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं. नीलेशला विचारावं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी रिसॉर्टवर सामान टाकून आम्ही तसेच पार्कला गेलो. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही. सासूबाई मोठ्या पाळण्यात बसल्या. लुगडं खोचून लाटांच्या तळ्यात उभ्या राहिल्या आणि लाट आली की भूमिकेपेक्षा मोठ्याने ओरडायच्या. मला म्हणाल्या, "चारू, पुरा जलम केळीले पानी देलं. आंगावर आज घेतलं." ओल्या केसांनी त्या वडापाव खात होत्या, तेव्हा मी त्यांचा फोटो काढला. शोधपत्रकावर लावलेला फोटो तोच आहे.

दिवस बुडताना आम्ही रिसॉर्टवर परतलो. आंब्याखाली, झोक्याच्या शेजारी खाट टाकलेली होती. चादर कडक इस्त्रीची होती, पण उशी मधोमध दबलेली होती. मी नीलेशला विचारलं, इथे कोण झोपलं होतं? तो म्हणाला, कोणी नाही, आत्ताच घातलीये. मी मागे वळले तर सासूबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या हॉलमध्ये त्या भरलेलं ताट हातात धरून उभ्याच राहिल्या. भूमिका म्हणाली, "आजी, बस ना." त्या म्हणाल्या, "जेवा तुम्ही. माले मांगून." आमची जेवणं झाली तरी त्यांनी घास घेतला नाही. खोलीत गेल्यावर मी विचारलं, "आई, झालं काय?" त्या म्हणाल्या, "काही नाही. आलेत वाटते." दारात दूधवाला आला असं सांगावं, तशाच आवाजात. मी म्हटलं, सकाळीच परत जाऊ, खड्ड्यात गेलं पार्क. त्यावर त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "झोक्यावर बसल्याबिगर मी येत नाही." एवढं वाक्य मात्र त्या त्यांच्या नव्या आवाजात बोलल्या.

आखाजीच्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीच्या ओट्यावर घागर भरली. बुऱ्हाणपूरपासून ती त्यांनी मांडीवर आणली होती. आंबा, डांगर, घरून आणलेली सांजोरी ठेवली, हात जोडले. ते आटोपल्यावर मी नीलेशला हाताशी धरून ती खाट भिंतीकडे ओढत नेली. मग सासूबाई झोक्यावर बसल्या. मी झोका दिला. आधी त्या दोर घट्ट धरून होत्या, मग त्यांनी पाय लांब केले, पदर डोक्यावरून उडाला, आणि त्या हसायला लागल्या. "चारू, आनखी जोरानं दे." त्या काहीतरी गुणगुणत होत्या, शब्द मला कळले नाहीत. असं हसणं मी पाहिलं, याचं मला अजून समाधान आहे.

एवढ्यात भूमिकेने आतून हाक मारली. तिच्या डोळ्यांत साबण गेला होता. श्रीकांत नाश्त्याचं बघायला गेले होते. मी आत गेले, तिचे डोळे धुतले आणि बाहेर आले. झोक्यावर सासूबाई नव्हत्या. माणूस उतरला की झोका थोडा वेळ हलत राहतो. हा ठाम उभा होता, कोणी हाताने धरून थांबवावा तसा.

त्यानंतरची शोधाशोध नोंदीत आली आहे. कॅमेऱ्याचं चित्रण मी पोलिसांसमोर पाहिलं. त्यात सासूबाई मागच्या फाटकाकडे चालत जाताना दिसतात. पदर कपाळावर आहे. वाट रुंद आणि मोकळी असूनही त्या मधोमध चालत नाहीत. दोन-चार पावलं जातात, थांबतात, पुन्हा चालतात, पुढच्या माणसाच्या चालीने चालावं तशा. त्यांच्या पुढे चित्रणात कोणी नाही. फाटकाशी त्या बाजूला सरून उभ्या राहतात. फाटक उघडतं. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात पदराला आहेत. साहेबांनी हा भाग पुन्हा पुन्हा लावला आणि मग वारं असेल म्हणाले. तिथल्या आंब्याचं पानही हलत नव्हतं.

आमच्या घरच्यांना हे कळल्यावर रडणं झालं आणि त्यानंतर मला न पटणारी गोष्ट सुरू झाली. मंगला म्हणाली, "वहिनी, बाबा आईले घ्याले आले. नशीबवान बाई. एवढी माया कोनाची असते?" गावात सगळे तेच म्हणतात आणि हात जोडतात. श्रीकांतनी काल लिहून दिलं की कोणावर संशय नाही, तक्रार नाही, शोध थांबवला तरी चालेल. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना आई-वडील एकत्र आहेत असं वाटून झोप लागते, मला लागत नाही.

सासूबाई राजीखुशीने गेल्या हे मला मान्य नाही. दिवाळीत समुद्र बघायचा म्हणून त्यांनी त्या दिवशी पार्कच्या रांगेत उभ्या उभ्या माझ्या मोबाईलवर दुसरं हॉटेल शोधायला घेतलं होतं. मरायला टेकलेली बाई समुद्राकडे उघडणारी खिडकी आहे का, असं विचारत नाही. शिवाय चित्रणात फाटकातून जाताना त्यांनी एकदा मागे वळून झोक्याकडे पाहिलं आहे. सासऱ्यांच्या हयातीत चालताना त्या मागे वळून पाहत नसत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या सासऱ्यांची मेल्यावरही गेली नाही.

माझा कोणावर संशय आहे काय, असं विचारल्यावरून सांगते की, माझा संशय लोटू महाजन यांच्यावर आहे. त्यावर अंमलदारांनी पेन खाली ठेवलं आणि मयत इसमावर संशय लिहिता येत नाही असं सांगितलं. मी त्यांना म्हटलं, मयत म्हणून नका लिहू, नवरा म्हणून लिहा. बाई घरातून नाहीशी झाली की पहिला संशय तुम्ही नवऱ्यावरच घेता ना? त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं.

शोध थांबवू नये अशी माझी मागणी आहे. सासूबाई कुठे दिसल्या तर त्यांना घाई करू नये. आधी बाजूला घ्यावं, खुर्ची द्यावी, गरम काही खायला द्यावं. आणि शेजारी कोणी दिसो न दिसो, दार लावून घेऊन एकटीला विचारावं, बाई, तुम्हाला कुठे जायचं आहे? हे त्यांना त्यांच्या आयुष्यात कोणी विचारलेलं नाही. त्या जे सांगतील ते मला मान्य राहील.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. पहिल्या वाचनात संशयिताच्या जागी "कोणी नाही" असं होतं. माझ्यासमोर ते खोडून नाव घातल्यावर मी पुन्हा वाचून घेतला. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.

सही : चारुलता श्रीकांत महाजन