पन्नास मैलांची चक्कर

हसता काहून? आंबागडच्या चढावाचं कौतुक मले सांगू नका बावा! चढावाचं काय... पाय भरून येते, दम लागते, उतरून ढकलली का पोचली सायकल वर. चढाव नाही हो कठीण, सोयरे कठीण!

आता तुम्हाले सांगतो. मी भैयाजी, मोहाडीच्या बाजाराजवळ माह्यं सायकल दुरुस्तीचं दुकान. एक्क्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीले तालुक्याची सायकल शर्यत ठरली. पंचांचे मुख्य श्यामराव, शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर, अजूनही बोलते तं शिट्टी फुंकल्यावानी. ते म्हणे, शर्यत तुमसरच्या सडकेनं, सीधी जायची, सीधी यायची. मी म्हटलं, मास्तर, चारी अंगाले तलाव आहेत, लहान लहान तळ्यायच्या बोड्या आहेत, अन् पोट्टे काय डांबर पाहत जातीन? चक्कर ठेवा! नदी उतरून करडी, तिथून तलावाच्या पारापारानं, म्हंजे बांधाबांधानं वर, पुन्हा नदी, मंग आंबागडचा चढाव अन् वापस मोहाडी. पन्नास मैल!

तं श्यामराव म्हणे, "भैयाजी, रस्ता आख अन् सोता चालवून दाखव. दिवस बुडायच्या आत वापस आला तं तुही चक्कर, नाही तं माही सडक."

माह्या मनात तं पुढचंच होतं! चक्कर आपली, पहिला नंबरही आपलाच! घरी आलो, सारवलेल्या अंगणात खडूनं नकाशा काढला. आमची मंडळी, मंदाबाई, बाजूले बसून सुपात तांदूळ निवडून राहिली होती. तिनं मान वर केली अन् झाली सुरू... ह्या गावी तुमची आतेबहीण, तिथं चहा घ्या लागन. ह्या गावी माह्या मामाची पोरगी, ते जेवल्याबिगर सोडन का? अन् करडीले माही मावशी! आमच्या इकडे सोयऱ्याच्या गावातून पानी न पेता गेलं ना, तं दहा वर्षं हरेक लग्नाच्या पंगतीत त्याची आठवण वाढते, वरण नंतर! मी मनात जमवून पाहिलं. चहा, जेवण, पान, मंग 'आजच्या दिवस राहाच ना आता'... पन्नास मैलाले सहा दिवस! चढाव नाही हो कठीण, सोयरे कठीण!

म्हटलं, सोयऱ्यायची गावं वगळू. पुसला नकाशा, नवी रेघ काढाले बसलो, तं काय सांगू... मोहाडीपासून आंबागडपर्यंत एक गाव बिनसोयऱ्याचं नाही!

अन् मंग त्या बाईनं माह्या हातातला खडू घेतला. खरं सांगतो, मी पाहतच राहिलो. ह्या बोडीच्या पारावर बाभळी आहेत, चाकात काटे जातीन. शेताच्या ह्या बांधीतलं धान उचललं, आता तिथून बंडीची वाट पडली. नदीले इथं गुडघाभर पानी, तिथं गेले तं बुडान! नकाशा म्हणून तिनं जन्मात पाहिला नाही हो. लग्नं, बारसे, मयती... बैलबंडीत बसून सारा तालुका डोक्यात भरून ठेवलेला! साऱ्या गावायच्या बाहेरून, तलावायच्या कडेकडेनं तिनं रेघ काढली. काय रेघ! वीस वर्षं सायकली दुरुस्त करून राहिलो, मले नसती सुचली.

मी खुश. गावाबाहेरून जायचं, कोणाले दिसायचं नाही! शुक्रवारी उजाडता निघालो. सायकल खांद्यावर घेऊन नदी उतरलो, करडीचा तलाव आला... अन् पारावर कोण उभं? मावशी! सुलोचनाबाई! हातात चहाचा गिलास! म्हटलं, मेलो, गेली चक्कर. ब्रेक दाबला तं म्हणे, "थांबू नका जवाई, मंदाचा निरोप आहे, थांबवाचं नाही!" अन् साठ वर्षांची बाई पदर खोचून माह्या बाजूनं पळून राहिली! चालत्या सायकलवर चहा पाजला हो मले! अर्धा पोटात, अर्धा सदऱ्यावर, पण सोयरपण राहिलं ना!

मंग काय... पुढच्या बोडीवर आतेबहीण उकडलेले शिंगाडे घेऊन पळाली, त्याच्या पुढं मामाची पोरगी, पोळीत चटणी गुंडाळून. एकानं थांबवलं नाही! मंदाबाईनं आठवडी बाजारात गावागावाले निरोप धाडला होता, थांबवलं तं आमच्या ह्यायची चक्कर जाईन, भेटले नाही तं नातं जाईन, म्हणून पारावर येजा. अन् मले एका शब्दानं सांगितलं नाही! आंबागडच्या चढावावर माह्ये पाय थिजले, तं तिचा भाऊ तुलाराम तिथं हजर. त्यानं सायकलले हात लावला नाही, नियमात नाही ना! नुसता बाजूनं चालत राहिला. म्हणे, "ताईनं सांगितलं, भाऊजी उतरतीन. उतरू दे, पण बसू देऊ नको."

मोहाडीच्या तलावावर आलो तं दिवस हातभर वर होता. श्यामरावनं पहिल्यांदा तोंडातली शिट्टी काढली अन् मले पोटाशी धरलं. मले रडूच आलं हो. चक्कर पक्की! मंग विचारलं, रस्ता कोणी आखला? खोटं काहून बोलू? सांगितलं, मंदाबाईनं. तं शर्यतीची झेंडी दाखवाचा मान त्यायनं तिलेच दिला. बरोबरच केलं! तालुक्यात तिच्या तोडीचं माणूस कोण आहे?

पण... आमच्याकडं ज्याचा चहा घेतला त्याले चहा पाजाच लागते. ज्यायनं ज्यायनं पळत पळत चारलं, ते सारे सव्वीस जानेवारीले शर्यत पाहाले माह्याच घरी! चौतीस माणसं! घरवाली झेंडी घेऊन पारावर. सायकली निघाल्या, आमच्याच रस्त्यानं, माह्याच दारासमोरून... अन् पहिला नंबर मारणारा मी? चुलीपाशी, हातात गाळणी! चढाव नाही हो कठीण... जाऊ द्या. भरभर चहा गाळतो, निदान शेवटी तरी सुटतो म्हटलं, तं मागून मावशी काय म्हणे?

"सावकाश होऊ द्या जवाई. आज आमी थांबालेच आलो."