पेटीतला फोन आणि नववीचा तास

दिनांक २६/०२/२०२६

जबाब देणार : निलेश आत्माराम पाटकर, वय ४७ वर्षे, व्यवसाय माध्यमिक शिक्षक (गणित), राहणार मौजे पालवशेत, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी संचिता (वय ४१) व मुलगी तन्वी (वय १४) असे राहत होतो. तन्वी मी शिकवतो त्याच शाळेत नववीत आहे. पत्नी संचिता ही शुक्रवार दिनांक २०/०२/२०२६ रोजी सर्पदंशाने मयत झाली. त्या अकस्मात मृत्यूच्या चौकशीकामी हा जबाब देत आहे.

आमच्या शाळेत मुलांचे मोबाईल सकाळी साडेदहाला एका पत्र्याच्या पेटीत जमा होतात व साडेचारला परत मिळतात. पेटी नववीच्या वर्गातील कपाटात असते. गेल्या वर्षी शाळेच्या संस्थेतील एका पदाधिकाऱ्याच्या मुलीला तिचा फोन मधल्या सुट्टीत दिला गेला, त्यावरून पालकसभेत मोठे भांडण झाले. तेव्हा किल्ली शाळेत कोणाकडेच नको, ती गावच्या देवळात लवू गुरव यांच्याकडे असावी, त्यांनी साडेचारला आणून द्यावी, आणि शिक्षकांचे फोनही पेटीत जावेत, असे मीच सुचवले. सर्वांना पटले. सभेतून सर्वजण थेट देवळात गेलो. नारळ ठेवून लवू यांनी गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, शाळा सुटासर ही पेटी कोणी उघडूची नाय. जो उघडीत, त्येका तू बघून घे." सर्वांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. बाहेर आल्यावर लवू हसून म्हणाले, "देवाक आता मोबायलाची राखण इली." संचिताही तेथे होती.

दिनांक २०/०२/२०२६ रोजी मी व तन्वी दहा वाजता मोटारसायकलने शाळेत गेलो. संचिता घरामागच्या काजूच्या बागेत जाणार होती. दोघांचे फोन पेटीत ठेवले. दुपारी १२.१० च्या सुमारास नववीवर माझा तास चालू असताना पेटीत फोन थरथरल्याचा आवाज आला. समर्थ नावाचा विद्यार्थी म्हणाला, "सर, पेटी गाऱ्हाणा घालता!" वर्ग हसला. मीही हसलो.

दोन मिनिटांनी पुन्हा आवाज आला. तन्वी उभी राहिली व म्हणाली, "सर, तो माझो फोन. आईचो असतलो." मागून कोणीतरी म्हणाले, "सरांच्या चेडवाक सूट!" मी तिला खाली बसण्यास सांगितले. ती बसली नाही. "बाबा, आई ह्या वेळेक कधी फोन करणा नाय," असे म्हणाली. मी म्हणालो, "वर्गात बाबा म्हणायचे नाही. साडेचारला बघ." ती बसली. त्यानंतर आणखी दोनदा आवाज आला. त्यातला एक फोन माझा होता हे नंतर कळले. मी फळ्यावरचे उदाहरण पूर्ण केले.

४.३० वाजता लवू गुरव यांनी किल्ली आणली. तन्वीच्या फोनवर १२.१९ चा आवाजी निरोप होता. तो तिने माझ्यासमोर ऐकला. "तनू, बाबांका सांग, काजीत माझ्या पायाक कायतरी चावला. गाडी घेवन येवक सांग. तास चालू असलो तर संपल्यार येवा. भिया नको गो."

आम्ही ४.५० ला घरी पोहोचलो. संचिता मागच्या पडवीत पडलेली होती. श्वास चालू होता. पाय मांडीपर्यंत सुजला होता व हिरड्यांतून रक्त येत होते. शेजारच्या सीता यांना तिने एकदा फोन केला होता, परंतु त्या ओरोसला जाणाऱ्या एसटीत होत्या, त्यांना ऐकू आला नाही. १०८ ला तिने फोन का केला नाही हे मी सांगू शकत नाही. शाळेच्या कार्यालयातील फोनचा नंबर तिच्याकडे नव्हता. तो घरात लिहून ठेवणे माझे काम होते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेताना वाटेतच ती गेली. दुपारी एक-दीडपर्यंत उपचार सुरू झाले असते तर काय झाले असते, असे मी डॉक्टरांना विचारले. बहुतेक वाचल्या असत्या, असे ते म्हणाले.

वर्गातला प्रसंग सांगत असताना जबाब लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "गुरुजी, ह्या लिहूची गरज नाय. साप चावलो, तेवढ्यान भागता. तुमीच तुमच्या गळ्यात कित्याक घालून घेतास?" मी तो लिहून घेण्याची विनंती केली. कारण पुढीलप्रमाणे.

गावातील काही लोक लवू गुरव यांच्या दारात जाऊन त्यांना दोष देऊन, नको ते बोलून आले आहेत. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. देऊळ शाळेपासून चालत चार मिनिटांवर आहे. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी किल्ली मागितलीच नाही. पेटीचे कुलूपही दगडाने तुटेल असे होते. देवाच्या भीतीने मी पेटी उघडली नाही असे लोक म्हणतात, तेही खरे नाही. गाऱ्हाण्याची मला त्या वेळी आठवणही झाली नाही. मुलीला सवलत दिली असे कोणी म्हणू नये, एवढेच माझ्या मनात होते. नियम चुकीचा होता असेही माझे म्हणणे नाही.

तन्वी सध्या दोडामार्गला मामाकडे आहे. माझ्याशी बोलत नाही. मामा गुरुदास यांना ती रोज एकच सांगते, "मी परत उठाक व्हया होता." ती उठली होती. दोनदा सांगितले होते. तिला बसवणारा मी होतो. हे तिला सरकारी कागदावर वाचता यावे म्हणून या जबाबाची नक्कल मला मिळावी.

माझा कोणावर संशय नाही व कोणाविरुद्ध तक्रार नाही.

माझा जबाब मराठीत टंकलिखित केला. तो मला वाचून दाखवला व नंतर मी स्वतः वाचला. दोन ठिकाणी वेळ चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली. आज घरी कोण आहे व मी जेवलो आहे काय, असे हवालदारांनी शेवटी विचारले. घरी कोणी नाही. सकाळी एका माणसापुरती पेज केली, खाल्ली, टोप घासून पालथा घातला व साडेनऊच्या एसटीने येथे आलो. हे सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही)
निलेश आत्माराम पाटकर