पुलावरचं काळं वर्तुळ

(लेनिनग्राड, १९२६. छापखान्याला लागून असलेली, मुलांच्या पुस्तकांच्या विभागप्रमुखाची खोली. टेबलावर ओल्या शाईची प्रुफं, थंड झालेला चहा. विभागप्रमुख पर्फीरी आणि पुस्तकाची चित्रकार झिनाईदा एका प्रुफावर वाकलेत.)

पर्फीरी : आणि तुमचं म्हणणं, हा मी नाही.

झिनाईदा : पर्फीरी देम्यानोविच, हे वर्तुळ आहे.

पर्फीरी : तेवढं मलाही दिसतं. कुणाचं वर्तुळ?

झिनाईदा : लांडग्याचं. लाल चौकोन म्हणजे बोकड. निळ्या पट्ट्या ही नदी, तिरकी जाड रेघ हा पूल. आणि पूल अडवून बसलाय तो लांडगा. पोरांना एका नजरेत कळतं.

पर्फीरी : कळतं ना. आमची ल्युसा पाच वर्षांची आहे. काल प्रूफ हातात घेतलं आणि म्हणाली, ‘बाबा.’ बायको तोंडाला रुमाल लावून स्वयंपाकघरात पळाली.

झिनाईदा : पोरं काहीही बोलतात हो.

पर्फीरी : शेवटच्या पानावर मी गडगडत नदीत पडतो. ते तिनं तीनदा वाचून घेतलं. मग ते पान उशाशी घेऊन झोपली. बरं, हे वर्तुळ बोलतं काय? ‘परवाना दाखव.’ अक्षरं खालून बारीक सुरू होतात आणि पानभर तिरकी मोठी होत जातात. मी अगदी असाच बोलतो.

झिनाईदा : या शहरात कोण तसं बोलत नाही?

पर्फीरी : सकाळी हिशेबनीस येऊन गेला. छाती फुगवून सांगतो, निळी पट्टी म्हणजे तो. कागदाच्या गोदामाचा प्रमुख विचारतो, तिसऱ्या पानावरचा त्रिकोण जरा मोठा होईल का.

झिनाईदा : ती झोपडी आहे.

पर्फीरी : त्याला सांगा. त्यानं आईला कळवलंय. सगळ्या कचेरीला चांगली कामं, आणि मीच तेवढा लांडगा. वर्तुळ बदला, नाहीतर पुस्तक थांबलं.

झिनाईदा : आज यंत्रावर चढलं नाही तर कागद पाठ्यपुस्तकांना जाणार, हे तुम्हीच सांगितलंत. दोन हिवाळे घालवलेत मी यात. मला परत रबरी बुटांच्या खोक्यांवर नावं रंगवायला पाठवू नका.

निकिफोर (खिळे जुळवणारा कामगार, दारातून) : येऊ का आत? यंत्रवाला बोंबलतोय. खिळे जुळवून पानांचा फर्मा आवळून ठेवलाय मी. चढवू?

पर्फीरी : थांबा, निकिफोर इग्नातिच. लांडग्याचा चौकोन करा.

निकिफोर : काळा चौकोन? मग तो मी झालो.

पर्फीरी : तुम्ही कसे?

निकिफोर : लग्न झाल्यापासून बायको मला कपाट म्हणते. माझ्या हातानं मी स्वतःला नदीत ढकलणार नाही.

पर्फीरी : त्रिकोण करा.

निकिफोर : गोदामवाला झोपडी होऊन खूश आहे. त्याला लांडगा केलात तर कागद विसरा.

पर्फीरी : मग वर्तुळच ठेवा, पण लहान.

निकिफोर : याहून लहान माझ्याकडे फक्त पूर्णविरामच आहे.

झिनाईदा : पूर्णविरामाला भिऊन बोकड बारा पानं अडून बसेल?

निकिफोर : आतून पोकळ करू? नुसती कड ठेवतो.

पर्फीरी : पोकळ? म्हणजे आहे ती अब्रूही गेली. काढूनच टाका त्याला.

झिनाईदा : आणि बोकड रिकाम्या पुलापाशी काय करतोय?

पर्फीरी : विचार करतोय. सोव्हिएत बोकडाला विचार करता येत नाही का?

झिनाईदा : काढा, निकिफोर इग्नातिच. निदान छापलं तरी जाऊ दे.

निकिफोर (शेजारच्या छापखान्यात जाऊन, परत येत) : काढलं. त्याची ‘परवाना दाखव’ ही आरोळीही काढली. जागा भरली, शाई फिरवली. हं, हे घ्या नवं प्रूफ. बोट लावू नका, ओलं आहे.

पर्फीरी : वा. स्वच्छ दिसतं. मोकळं.

झिनाईदा : हो. फार मोकळं.

पर्फीरी : आता कचेरीत कुणी हसणार नाही.

निकिफोर : मग चढवू?

पर्फीरी : चढवा. … थांबा. हे घरी नेलं की ल्युसा विचारणार.

झिनाईदा : काय?

पर्फीरी : बाबा कुठे गेले.

निकिफोर : सांगायचं, कामावर गेले.

पर्फीरी : ते ती रोजच ऐकते. मी घरी पोचतो तेव्हा झोपलेली असते, निघतो तेव्हाही झोपलेली. काल प्रूफ घेऊन लवकर गेलो, तर पहिल्यांदाच ती मला ओळखून एवढी हसली. … निकिफोर इग्नातिच, ते वर्तुळ कुठंय?

निकिफोर : माझ्या खिशात.

पर्फीरी : परत बसवा.

झिनाईदा : आरोळीसकट?

पर्फीरी : आरोळीसकट.

झिनाईदा : आणि शेवटचं पान? नदीत पडायचं?

पर्फीरी : पडू दे. फक्त जरा काठाजवळ घ्या. मला पोहता येत नाही.