न निघणारं झाकण

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मी माझ्या गाडीच्या आरशाची वाट बघत बसलो होतो. पुढे एक नवरा-बायको पिकअपच्या हौद्यावर बसवायचं टणक झाकण निवडत होते.

“हे घ्या साहेब,” दुकानदार म्हणाला, “दोन मिनिटांत निघतं.”

“मग नको. न निघणारं दाखवा.”

“अहो, उंच सामान न्यायचं झालं तर?”

“तेच तर न्यायचं नाहीये, दादा,” बाई म्हणाल्या. “यांच्या ताई रविवारी घर बदलतायत. त्यांचं कपाट माझ्याहून उंच आहे.”

“मग ताईंना सरळ नाही म्हणा.”

“सख्ख्या बहिणीला?” नवरा म्हणाला. “शोभतं का ते?”

“मग हे बघा. हे काढायला मिस्त्रीच लागतो.”

“वा! हेच बसवा. अहो, तुम्ही आत्ताच ताईंना फोन करा. आवाज जरा पडका ठेवा.”

“हॅलो, ताई? अगं, गाडीला झाकण बसवलं, ते निघतच नाही बघ. तुझ्या कपाटाचं... हो? कधी?... बरं. बरं, ठेवतो.”

“काय म्हणाल्या?”

“सगळं सामान कालच हलवलं. शेजारी आले होते मदतीला.”

“म्हणजे सुटलो की! मग तोंड कशाला पाडलंय?”

“तुला विचारायचं मनातही आलं नाही, म्हणाली.”