पाण्यापलीकडची दोन फडकी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात सैल सोडा. आज थेट प्रश्नावर येतो. त्याचं उत्तर मला स्वतःला पुरतं सापडलेलं नाही, हे आधीच कबूल करतो — म्हणजे नंतर तुम्ही मला धरायला नको!

प्रश्न असा. हजार माणसांचं भलं व्हायचं आहे, अगदी तोंडाशी आलं आहे. आणि त्यासाठी आज एकाच माणसाला म्हणायचंय — 'जरा थांब.' म्हणावं का?

बघा, माना हलायला लागल्या! पुढचे काका म्हणतात, "म्हणावं की! एकच तर माणूस!" बरं. ऐका मग.

सह्याद्रीच्या कुशीत एक मोठं धरण. त्याच्या पाण्याच्या अलीकडे सावरवाडी, पलीकडे घळवाडी. सावरवाडीला रस्ता आहे, दवाखाना आहे, बाजार आहे. घळवाडीला काय आहे? डोंगर आहे, गवे आहेत, आणि समोर पाणी आहे! मोबाइलला रेंज नाही. दोन्हींना जोडणारी एकच गोष्ट — जिल्हा परिषदेची लाँच. रोज सकाळी अकराला जायची, उतारू घेऊन यायची. आणि अवेळी गरज पडली तर? तर घळवाडीची रीत होती. काठावर उंच बांबू. त्यावर एक पांढरं फडकं चढलं, म्हणजे उतारू आहेत. दोन फडकी चढली, म्हणजे माणूस मरणाशी झुंजतोय. इकडून लाँच सुटली की त्यांनी फडकी उतरवायची. साधी रीत! तिला ना कागद, ना शिक्का.

ही लाँच कुणी आणली? मालनताई संकपाळांनी. जिल्हा परिषदेच्या सदस्य. माहेर घळवाडीचं, सासर सावरवाडीचं. बाई कामाची! दवाखान्यात डॉक्टर बसवला, शाळेची गळती काढली, बचत गटाच्या बायकांना बाजारात ओटे मिळवून दिले. पण मनात एकच गोष्ट — पूल. घळवाडीपर्यंत पूल! सात वर्षं अर्ज केले. आणि सातव्या वर्षी निरोप आला, मोठे साहेब, म्हणजे मंत्री, स्वतः येतायत. सावरवाडीत मेळावा होईल, आरोग्य शिबिर होईल, साहेब लाँचमधून पाण्यावर फेरी मारतील, जागा बघतील आणि भर सभेत पूल जाहीर करतील!

मग काय विचारता? मांडव पडला. कमान उभी राहिली. लाँचला झेंडूच्या माळा, आत गालिचा, गालिच्यावर खुर्ची. लाँच चालवणारे गेनूमामा — त्यांना नवी टोपी! आणि ताईंनी आदल्या दिवशी घळवाडीला निरोप धाडला. दोन ओळींचा. 'उद्या लाँच दुपारनंतर येईल. आणि तुमच्याही काठावर पताका लावा, साहेबांना पाण्यापलीकडून दिसू देत.'

झाली का काही चूक? मला तरी आधी वाटलं नव्हतं. एक दिवस लाँच उशिरा गेली! पूल झाला की जन्माची कटकट मिटणार!

उजाडला दिवस. अकरा वाजले. रोज या वेळेला सुटणारी लाँच धक्क्याला बांधून. साडेअकरा झाले. साहेबांचा पत्ता नाही. ताई मांडवाच्या कडेला उभ्या राहून पाण्याकडे बघतात — आणि त्यांना दिसलं. पलीकडे, बांबूवर, पांढरं काहीतरी. एक. आणि त्याच्याखाली दुसरं.

ताई दोन पावलं पुढे सरकल्या.

शेजारी पक्षाचे तालुकाध्यक्ष दौलतराव उभे होते. "दौलतराव, ते बघा. दोन फडकी आहेत का हो?"

दौलतरावांनी डोळ्यांवर हात धरला. "अहो ताई, पताका आहेत त्या! तुम्हीच लावायला सांगितल्यात ना? माहेरची माणसं, ताईचा शब्द मोडतायत होय!"

"पांढऱ्याच कशा?"

"आता त्या डोंगरात रंगीत कागद कुठला मिळायचा? जे घरात होतं ते लावलं. या, बसा. साहेब घाटाच्या तोंडाशी आलेत."

मंडळी, ताईंना हे पटलं का? खरं सांगू? त्यांना ते पटवून घ्यायचं होतं. आपल्या सोयीचं कारण दुसऱ्यानं दिलं की माणूस किती पटकन हो म्हणतो! ताई जाऊन खुर्चीवर बसल्या.

बसल्या, पण मन कुठलं बसतंय! माइकवर गाणं चाललंय, स्वागताच्या बायका रांगेत, आणि ताईंची नजर मांडवाच्या फटीतून पाण्यापार. पताका असेल. पताकाच असणार. लाँच सोडली आणि तिकडे नुसतीच पताका निघाली तर? साहेब येतील, लाँच नाही, यजमान नाही! सात वर्षांची खटपट पाण्यात. आणि पताका नसेल तर? मग तिकडे कोण आहे? माझ्या भावकीतलं कोण?

पाच मिनिटं. दहा. वीस.

आणि मग त्यांनी बघितलं — ती फडकी खाली आली. बांबू मोकळा. ताईंनी श्वास सोडला. तोच परत वर चढली. परत खाली. परत वर!

मला सांगा, पताका कुणी अशी खाली-वर करतं का?

ताई उठल्या! खुर्ची मागं पडली तरी कळलं नाही. मांडवाच्या मागून, धक्क्याच्या पायऱ्या उतरत थेट लाँचवर. "गेनूमामा, सोडा!"

गेनूमामा उभेच. "ताई, मीबी मघापासनं बघतोय. पन मला सांगितलंय, सायेब आल्याबिगर दोर सोडायचा न्हाई."

"कुणी सांगितलंय?"

"तुमीच की!"

तेवढ्यात वर रस्त्यावर हॉर्न वाजले. घाटाच्या शेवटच्या वळणावर गाड्यांची रांग दिसायला लागली. दौलतराव धावत आले, धोतराचा सोगा हातात! "ताई, काय चाललंय? पाच मिनिटांत साहेब इथं असतील! पाच मिनिटं थांबा. साहेबांनाच घेऊन पलीकडे जाऊ!"

"पाच मिनिटांत हार, मग नारळ, मग भाषण," ताई म्हणाल्या. "दौलतराव, अर्धा तास मी बसूनच घालवलाय. सोडा, मामा!"

"पूल जाईल, ताई!"

ताई वाकल्या. स्वतःच्या हातानं दोर सोडला.

गजेंद्राची गोष्ट तुम्ही ऐकली आहे. त्यानं हाक मारली तेव्हा देवानं काय दरबार आटोपण्याची वाट पाहिली? अर्धवट उठला आणि धावला! आपण मात्र आधी दरबार आटोपतो, मग हाक ऐकतो. ताईंना ते कळलं. पण कळायला अर्धा तास लागला!

वीस मिनिटांचं पाणी. मागं बँडचा आवाज सुरू झाला — साहेब आले. ताईंनी मागं वळून पाहिलं नाही. समोर बांबू. दोन फडकी. लाँच मध्यावर आली, आणि फडकी उतरली. उतरली ती परत चढली नाहीत!

गेनूमामांनी टोपी काढली, हातात धरली. दोघांच्याही मनात एकच आलं. फडकी उतरली ती लाँच दिसली म्हणून? की... आता लाँचची गरजच उरली नाही म्हणून?

"मामा, अजून जोरात नाही जात?"

"जातीय तेवढी जातीय, ताई."

काठ आला. चार माणसं गुडघाभर पाण्यात उभी, खांद्यावर घोंगडीची झोळी. झोळीत जानू ढेबे. जनावरं घेऊन गेला होता, सकाळी गव्यानं मांडीत शिंग घातलं होतं. मांडीच्या वर मुंडाशानं आवळून बांधलेलं, घोंगडी रक्तानं जड झालेली. डोळे उघडे! जिवंत होता, मंडळी, जिवंत होता.

त्याची म्हातारी आई गंगूबाई, तिच्या हातात ती दोन फडकी. ताईंना बघून तिचा बांध फुटला. "आलीस व्हय गं मालन? अकरालाच काठावर आनला हुता त्याला! तवाधरनं फडकं हलवून हात तुटलं माझं! तुझ्या त्या मांडवातनं दिसलं न्हाई व्हय?"

काय सांगायचं? 'नाही दिसलं' म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? दौलतराव काही सांगणार नव्हते. म्हातारीनंही मानलं असतं.

ताई म्हणाल्या, "दिसलं होतं, काकी. मी बसून राहिले."

म्हातारीनं फडकी खांद्यावर टाकली. मग म्हणाली, "धर त्याचं डोकं. हेलपाटू देऊ नगंस."

येताना पूर्ण वीस मिनिटं जानूचं डोकं ताईंच्या मांडीवर. गालिचा, झेंडू, सगळं लाल. धक्क्यावर शिबिरातले डॉक्टर धावून आले. साहेब? साहेब दहा मिनिटं थांबून पुढच्या गावाला निघून गेले होते. पूल जाहीर झाला नाही. अजून झालेला नाही.

जानू वाचला. पाय मात्र काढावा लागला. ताईंनी डॉक्टरांना विचारलं, "अर्धा तास आधी आणला असता तर पाय राहिला असता का?"

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "सांगता येत नाही, ताई. राहिला असता, किंवा नसताही."

सांगता येत नाही! मंडळी, कुणी 'हो' म्हणालं असतं तर त्या रडल्या असत्या, 'नाही' म्हणालं असतं तर सुटल्या असत्या. 'सांगता येत नाही' हे ओझं कुठं उतरवायचं? त्या आजही पुलासाठी अर्ज करतात. पण अकराची लाँच त्यानंतर एकदाही चुकलेली नाही. साहेब येवोत, साहेबांचे साहेब येवोत — अकरा म्हणजे अकरा!

तर हजारांसाठी एकाला 'थांब' म्हणावं का? मला वाटतं, म्हणू नये. पण मी कोण सांगणारा? मीही आयुष्यात पुष्कळांना थांबवलंय, ग्रंथ वाचायचाय म्हणून, कीर्तन आहे म्हणून.

आणि तुम्ही? आत्ता इथं बसलात, छान झालं. पण येताना घरात कुणाला म्हणून आलात, 'जरा थांब, कीर्तन ऐकून येतो'? खाटेवर कुणी आहे? औषधाची वेळ कुणाची झाली आहे? कुणाशी दोन शब्द बोलायचे राहिलेत?

ज्याला आठवलं, त्यानं आरतीला थांबू नये. खरंच सांगतो. उठावं. देव रागावत नाही, मीही रागावणार नाही.

...त्या बघा, खांबाजवळच्या बाई उठल्या. लाजू नका हो, बाई! अहो, पाय आवरा, जरा वाट द्या त्यांना. जाऊ द्या. जाऊ द्या लवकर!