सातव्या बाकावरचा जांभळा पोर्ट

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक वेई साहेब, मंचावर बसलेले इंजिनिअर कुओ, आजच्या सत्कारमूर्ती युएश्याताई, आईला न्यायला ताइनानहून आलेले त्यांचे चिरंजीव च्युनहान, आणि निम्मं लक्ष माझ्याकडे अन् निम्मं मागच्या टेबलावरच्या मसाल्याच्या टोफूकडे ठेवून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

साहेबांनी बजावलंय, "फा काका, थोडक्यात बोला. आणि चांगलं बोला." थोडक्याचं बघतो. मी दुरुस्तीच्या टेबलावरचा माणूस. शाळा अर्ध्यात सुटली, विद्या आली ती लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून. हातात सोल्डरची गरम कांडी नसली की माझी जीभ थंड पडते. तेव्हा सांभाळून घ्या.

युएश्याताईंनी जन्मभर काय केलं? नव्या पोरांना ते 'पिना घालायच्या अन् काढायच्या' एवढंच वाटतं. अरे, मदरबोर्ड म्हणजे घर समजा. आतला कारभार कितीही चोख असला तरी बाहेरच्या जगाशी संबंध येतो तो मागच्या भिंतीतल्या दारांमधूनच. कळफलकाचा जांभळा गोल पोर्ट, शेजारी माउसचा हिरवा, मग यूएसबीची चपटी तोंडं, पडद्याचा रुंद निळा पोर्ट, नेटवर्कचा चौकोनी, त्याच्या कोपऱ्यात दोन बारीक दिवे, आणि शेवटी आवाजाची तीन रंगीत भोकं. यातलं एक दार अडलं तर आतला शहाणपणा आतच कुजतो. प्रत्येक दार उघडतं का, येणारा आत येतो का आणि गेलेला खरोखर गेला का, एवढंच युएश्याताई बघत आल्या. गेलेला गेला का, हे बघायला फार धीर लागतो मंडळी.

सातव्या बाकावर त्या एकट्या नव्हत्या, हे जुन्यांना ठाऊक आहे. शेजारी मेइसुई बसायची. ताइतुंगची पोर, डावखुरी, तोंडाची फटकळ. युएश्याताई डावीकडून पिना घालत जायच्या, मेइसुई उजवीकडून काढत यायची. घातली की तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर त्या पोर्टचा चौकोन हिरवा होई, काढली की पांढरा. आणि सगळा वेळ तोंडाचा पट्टा सुरू, सुरुवात मेइसुईची.

"अगं, ढकलतेस काय? खिळा आहे का तो?"

"तू काढतेस हळू म्हणून मला ढकलावं लागतं."

"हळूच काढायचं असतं बाई. जाणाऱ्याला ढकलून लावतात का कुणी?"

एकदा दुपारी आपल्या रिवाजाप्रमाणे जेवणानंतर दिवे मालवले. सगळ्यांनी बाकावर हातांची उशी करून डोकी टेकली. दिवे लागले, डोकी उठली. मेइसुईचं उठलं नाही. युएश्याताईंनी आधी चिमटा काढला. म्हणाल्या, "सोंग पुरे झालं."

मग धावपळ, रुग्णवाहिका. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच गेली. गुरुजींनी इस्पितळातल्या खाटेपाशी उभं राहून तिच्या जिवाला हाक मारली, "चल घरी," आणि भाऊ तिला ताइतुंगला घेऊन गेला. आपण म्हटलं, झालं सगळं रीतीप्रमाणे.

नव्हतं झालं. ती गेली बाकावर आणि आपण तिला हाक मारली इस्पितळात. जीव जिथं सुटला तिथूनच बोलवावा लागतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

साहेब, समारंभात हे बोलावं का, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. बोलावं लागणार. आज सकाळी तुम्हीही तिथं होतात.

मेइसुईनंतर सातव्या बाकावर बोर्ड ठेवला की जांभळ्या पोर्टचा चौकोन आपला आपण हिरवा व्हायचा. पिन नाही, कळफलक नाही, पोर्ट रिकामा. आणि यंत्र म्हणे, कुणीतरी जोडलेलं आहे. तोच बोर्ड सहाव्या बाकावर न्या, तक्रार नाही. मी वायरी बदलल्या, पिनांची पट्टी बदलली, अखेर अख्खं यंत्र बदललं. युएश्याताई मला म्हणाल्या, "फा काका, मीटर लावून कुणाचा ताप मोजताय?"

कुओ तेव्हा नवे होते. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण त्यांच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवतो, तर यांनी आणलं पिवळं पाकीट. अख्खी लाइन दुपारपर्यंत ठप्प! हसा, हसा, कुओही हसतायत. पण हिरवं ठेवल्यावर बाकी लाइन सुरू झाली, जांभळा चौकोन मात्र तसाच राहिला. शेवटी तेवढी तपासणी सहाव्या बाकावर नेली आणि सगळ्यांनी तो विषय मिटवून टाकला.

माझ्याच्यानं मिटवला गेला नाही, कारण मी दुपारी झोपत नाही. दिवे मालवले की सातव्या बाकावरच्या बोर्डाचा नेटवर्कचा दिवा लागायचा. केबल नाही, काही नाही. लुकलुकत नसे तो. हळूहळू उजळायचा, हळूहळू मंदावायचा, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. आणि युएश्याताई त्याच्याकडे तोंड करून, हातावर गाल ठेवून पडलेल्या. डोळे उघडे.

आता कळलं का मंडळी, निवृत्तीचं वय उलटलं तरी ही बाई दरवर्षी मुदत का वाढवून घेत होती ते? च्युनहान तर माझ्यासमोर भांडला होता. "आई, नातीला तुझा चेहरा फोनवरच माहीत आहे. तुला त्या बोर्डांची काळजी, माझी नाही."

"बोर्डांची नाही रे," एवढंच त्या म्हणाल्या.

नव्या बोर्डांना जांभळा पोर्ट आता कुणी लावत नाही. तिकिटांची, कारखान्यांची जुनी यंत्रं मागत होती म्हणून आपली लाइन तगली. तीही मागणी आटली. सोमवारी बाक भंगारात जाणार, महिनाअखेर इमारत पाडणार. हे समजलं तशा युएश्याताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पिठासारखा.

"काका, इमारत पाडली तर ती कुठं जाईल?"

मी म्हटलं, "अगं, मग बाकापाशी हाक मारू या. इतक्या वर्षांत कुणाला सुचलंच नाही बघ."

त्या मग म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हाक मारली असती तर ती गेली असती ना, काका."

मंडळी, हे मी त्यांच्या परवानगीनं सांगतोय. 'सांगा,' म्हणाल्या, 'म्हणजे मला पुन्हा मागे फिरता येणार नाही.'

तर आज सकाळी सातव्या बाकाशी उदबत्ती लावली. वेई साहेब, कुओ, च्युनहान आणि मी मागे उभे. युएश्याताईंनी कौलाच्या त्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या. "मेइसुई, तुझ्या आईकडे जायचं. येतेस?" टाकल्या. दोन्ही पालथ्या. नकार. पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. "इथंच राहायचंय का?" दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे हसली.

"हसतेस काय, मेले!" युएश्याताई ओरडल्या, आणि त्यांचा बांधच फुटला. रडता रडता म्हणाल्या, "मग काय हवंय तुला? काम उरलंय का? शेवटचा बोर्ड करायचाय?"

एक उताणी, एक पालथी. होकार.

मी शेवटच्या खेपेतला बोर्ड आणून ठेवला. जांभळा चौकोन नेहमीसारखा आधीच हिरवा. युएश्याताईंनी बाकीच्या पिना डावीकडून घालत नेल्या. आवाजाच्या तिसऱ्या भोकापर्यंत पोचल्या, सगळे चौकोन हिरवे झाले. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. काढणं हे त्यांचं काम नव्हतं.

थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग उजवीकडचा शेवटचा चौकोन पांढरा झाला. पिन जागच्या जागी होती मंडळी. मी बोट लावून पाहिलं, घट्ट बसलेली होती. मग दुसरा, मग तिसरा पांढरा. मग नेटवर्क, मग निळा, मग यूएसबी. उजवीकडून डावीकडे, एकेक, घाई नाही. कुओंनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की अजून वळ आहे. माउसचा चौकोनही पांढरा झाला आणि उरला एकटा जांभळा. तिथं ती थांबली.

युएश्याताई वाकून अगदी हळू बोलल्या. "जा गं. मी ढकलत नाहीये."

आणि तो चौकोन पांढरा झाला. मेइसुई गेल्यापासून पहिल्यांदा. पडद्यावर अक्षरं आली : बोर्ड उत्तीर्ण.

मग त्यांनी कौल लावला, "आता येतेस?" पहिल्याच खेपेला होकार.

म्हणून या सत्कारमूर्तींच्या एका हातात तुमचा पुष्पगुच्छ आणि दुसऱ्या हातात ही जळती उदबत्ती आहे. कुणी ती विझवायला सांगू नका, मेइसुई तिच्या मागोमाग येतेय. एक संपायच्या आत तिच्यावरच दुसरी पेटवायची आहे, ताइतुंगपर्यंत. ताइनान नंतर. च्युनहान, तू गाडी तिकडे वळवायला एका शब्दात तयार झालास, त्याबद्दल या म्हाताऱ्याचा तुला नमस्कार. आता नीट ऐक. वाटेत पूल आला की मोठ्यानं सांगायचं, "पूल आलाय, ओलांडतोय." बोगदा आला की सांगायचं, "बोगदा आहे, सोबत राहा." आईचा आवाज फुटला नाही तर तू सांग. आणि एखादा पूल सांगायचा चुकून राहिला, म्हणजे ती अलीकडेच राहिली, तर लाजू नकोस. गाडी मागे घे, कितीही लांब आला असलास तरी.

वेई साहेबांनी सकाळी लाइन थांबवू दिली, कुओंनी ती जागा सोडली नाही, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी टोफू अजून गरम ठेवलाय. सगळ्यांचे मनापासून आभार. आनंदाच्या सोहळ्यात जे बोलायचं नसतं ते बोललो. शब्द वेडावाकडा गेला असेल तर अडाण्याचा समजून पोटात घाला. कौतुकाचे चार शब्द बोलायचे राहिले, तेही युएश्याताई माफ करतील.

बाहेर गाडी उभी आहे. युएश्याताई, उठा आता. मेइसुई, तूही ऊठ, पोरी. दारापाशी पायऱ्या आहेत, सांभाळून.