हेराल्डचं मागचं चाक

—न्हाई न्हाई, हात लावा की गाडीला, त्यात काय. फक्त आमचे ह्ये यायच्या आत बघून घ्या, भाजी आनायला गेल्यात. आन् दादा, बॉनेट तसं न्हाई उघडत. ह्या दोन बाजूच्या कड्या सोडा — हां — आता मागून उचला, अख्खं तोंडच पुढं कलंडतं तिचं. बघितलंत? मला कसं ठाऊक? अहो, लग्न झाल्यापासून दुसरं ऐकलंय काय मी! ह्ये भिंगारच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, अमृत मास्तर म्हनून सगळे ओळखत्यात, आन् घरी आलेल्या मानसाला चहाच्या आधी ह्या हेराल्ड गाडीचा इतिहास. ट्रायम्फ कंपनी इंग्लंडची, पर काढली कुनी? तर जर्मनीहून आलेल्या मानसानं. बेटमन त्याचं नाव, आधी सायकली विकायचा. ट्रायम्फ नाव का ठिवलं? तर ते कुठल्याबी देशात कळतं म्हनून. पुढं तो कोव्हेंट्री शहराचा महापौर झाला, आन् जर्मनीशी पयली मोठी लढाई पेटली तशी लोक म्हनाले, हा तर शत्रूकडचा — गेली खुर्ची! हे सांगताना ह्ये पार हळहळायचे बघा, जसा काय सख्खा चुलताच. आन् लगीच हसायचे — हेराल्ड हे म्हनं कंपनीच्या मोठ्या सायबाच्या होडीचं नाव. मग ती मद्रासला बनाया लागली, आन् चार दारांची तर फक्त आपल्याकडंच झाली. ही बघा, मोजा दारं.

ते डाव्या अंगाचं पुढचं दार नंतर बसवलंय. कळलं ना? रंग जरा वेगळा पडलाय. व्हय, अपघातच. करंजी घाटात. आमची धनश्री — एकुलती एक — जनावरांची डॉक्टर झाली, पाथर्डीकडं पयली नेमनूक. मी म्हनलं, यष्टीनं जाऊ द्या. ह्ये म्हनले, पयल्या दिवशी माझी लेक यष्टीनं? हेराल्डनं सोडतो. तीबी नवा ड्रेस घालून बसली, लहानपनापासनं ह्याच गाडीत वाढलेली. घाटात वळनावर कुत्रं आडवं आलं. ह्यांनी आवरली गाडी, पर मागून गरकन फिरली आन् तिच्याच अंगानं कठड्यावर. कुत्रं — पोलिसांनाबी तेच सांगितलं, पाव्हन्यांनाबी तेच. तवापासून दारात कुत्रं दिसलं की ह्ये दगड घेऊन धावत्यात, पार रस्त्यापतुर. शेजारची भागूबाई म्हनती, मास्तरांनी कुत्र्याचं लई मनाला लावून घेतलंय. लागनारच की. बापच हायेत.

काय म्हनलात? मागच्या चाकाचं? — म्हंजी तुमालाबी ठाऊक हाय. व्हय, तेच. मागची चाकं आपापली खालीवर हुत्यात, जोरात वळताना रेसवरचा पाय पटकन काढला की चाक पोटाखाली दुमडतं. अहो, ते तर ह्ये पाव्हन्यांना दोन चमचे धरून दाखवायचे! म्हनायचे, म्हनून पुढच्या गाडीला, त्या गॅझेलला, मागं सरळ दांडा टाकला. हसत हसत सांगायचे. ठाऊक हुतं त्यांना, सगळं ठाऊक हुतं. आता कुत्रं आलं म्हनल्यावर मानूस पाय काढनारच की, कुनीबी काढंल, त्यात त्यांची काय—

न्हाई. कुत्रं न्हवतंच, दादा.

नगरच्या दवाखान्यात ती थोडा वेळ शुद्धीवर हुती. ह्यांना बाहीर बसवलेलं. माझं बोट धरून म्हनली, आई, पप्पा मला ते चाकाचंच दाखवत हुते. जरासंच दाखवतो म्हनले. मी हसत हुते गं, मीच म्हनले दाखवा. आता ते कुत्रं म्हनत्यात ना, तर तूबी कुत्रंच म्हन. तुला कळलंय हे त्यांना कदीच कळू देऊ नको — न्हाईतर पप्पा जगायचे न्हाईत. मी म्हनलं, बरं बाई. दुसरं काय म्हननार? पुन्यांदा बोलली न्हाई ती. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ह्ये रोज ही गाडी पुसत्यात आन् दगड मारत्यात, आन् मी बगती. एका कुत्रीचा पाय मोडला ह्यांच्या दगडानं, बिचारी गाभन. तिला मी हळद लावली, हात धुतले आन् ह्यांना जेवाया वाढलं. इचारलं सुदिक न्हाई, का मारलंत म्हनून. एकदा वाटलं हुतं वरडून सांगावं, बास करा, न्हवतं कुत्रं, मला ठाऊक हाय. पर पोरीला शब्द दिलेला. आज तुमी ते चाकाचं काढलंत आन् कसं—

काय झालं? माझ्या मागं काय बघताय?

—अहो. कवा आलात?

पिशवी द्या इकडं. द्या, जड हाय. — दादा, निघा तुमी. न्हाई, गाडीचं काय बोलू नका, आता बी न्हाई, नंतर बी न्हाई. निघा म्हनते ना. फाटक ओढून घ्या. — अहो, तिथं उभं नका राहू. खाली बसा, हिथं, माझ्यापाशी. मी काय म्हनले का तुमाला? कदी म्हनले का? अहो — बोला की काईतरी.

अहो.